पॅड मागावं लागू नये, अशी सोय महाविद्यालयात कशी करावी?

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी एका वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम पाहते. आमच्याकडे साधारण 800 मुली आहेत, त्यातल्या शंभरेक वसतिगृहात राहतात. काही मुली दर महिन्याला दोन-तीन दिवस येतच नाहीत. जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं, की पाळीच्या दिवसांत पॅड घ्यायला पैसे नसतात. मागे देणगीतून एक पॅडचं मशीन बसवलं होतं, ते बंद पडून आहे. प्राचार्य मदतीला तयार आहेत. नेमकं काय करावं, आणि खर्च किती येईल?

उत्तर:

मॅडम, आधी थेट उत्तर देते, कारणं नंतर सांगते. बंद मशीन दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. मुलींच्या प्रत्येक स्वच्छतागृहात, आतल्या बाजूला, उघड्या पेटीत पॅड ठेवा. फुकट. नाव लिहायचं नाही, सही नाही, कुणाकडे किल्ली मागायची नाही. वसतिगृहातल्या मुलींना महिन्याचा पुरेसा साठा खोलीपर्यंत पोचू द्या. आणि हा खर्च देणगीवर न ठेवता महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात, वीजबिल आणि फिनेलच्या शेजारी, स्वतंत्र ओळ म्हणून घाला. पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून आणि पुढे विद्यार्थी कल्याणाच्या कामात मी बरीच वर्षं काढली. त्यातून माझं एकच मत पक्कं झालंय: पॅड मागायला लावलं, की ज्या मुलीला त्याची सगळ्यात जास्त गरज असते तीच मागायला येत नाही.

महाविद्यालयीन मुलींचा हा प्रश्न इतकी वर्षं कुणाच्या नजरेत का आला नाही, ते आधी बघू. सरकारी योजना आहेत, पण त्या शाळेपाशी थांबतात. केंद्राची मासिक पाळी स्वच्छता योजना 2011 साली सुरू झाली ती 10 ते 19 वयाच्या ग्रामीण मुलींसाठी. आशाताईंकडून सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना. आपल्या राज्याची अस्मिता योजना 8 मार्च 2018 ला सुरू झाली, तिच्यात आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना होतं, पण ते जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना. सर्वोच्च न्यायालयात 2022 साली जी याचिका गेली आणि जिच्यात 2023 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने केंद्राला देशभर एकसारखं धोरण आखायला सांगितलं, तीही सहावी ते बारावीच्या मुलींपुरती. म्हणजे बारावी झाली, वयाची एकोणिसावी उलटली, की मुलगी प्रत्येक यादीतून बाहेर. आणि नेमकं त्याच वर्षी ती घर सोडते, आईच्या कपाटातल्या पाकिटापासून लांब जाते आणि पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी महिना काढायला शिकते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडमध्ये 2020 पासून शाळांत आणि 16 ते 19 वयाच्या विद्यार्थ्यांच्या संस्थांत पॅड मोफत मिळतात, विद्यापीठं त्यात नाहीत. न्यूझीलंडने 2021 मध्ये सोय केली ती शाळांसाठी. स्कॉटलंडने मात्र 2018 पासूनच शाळांबरोबर महाविद्यालयं आणि विद्यापीठं घेतली. तिथल्या संसदेने नोव्हेंबर 2020 मध्ये एकमताने कायदा केला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो लागू झाला. फ्रान्सनेही 2021 मध्ये विद्यापीठांच्या आवारात आणि विद्यार्थी निवासांत मोफत पॅड ठेवायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वस्तू सहज मिळाली पाहिजे आणि घेणाऱ्याचा मान राखला गेला पाहिजे, अशी जबाबदारी तो संस्थेवर टाकतो. गरज सिद्ध करण्याची अट मुलीवर घालत नाही.

आता तुमच्या मुलीचा महिना कसा जातो ते बघा. एका पाळीला बारा ते वीस पॅड लागतात. दुकानातले बरे पॅड घेतले तर 100 ते 200 रुपये. पगारदार घराला ही रक्कम मोठी वाटणार नाही. पण पुण्या-संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, एक वेळ मेस लावून दुसऱ्या वेळी वडापाववर भागवणाऱ्या मुलीकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोख किती उरते? समाजकल्याणच्या वसतिगृहांत निर्वाह भत्त्यावर मुलींना स्वच्छतेच्या वस्तूंसाठी महिना 100 रुपये जादा ठरवले होते, ती कल्पना चांगलीच. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळतात, त्यातले 8,000 निर्वाह भत्त्याचे. पण हे पैसे हप्त्याने येतात, आणि हप्ता अडकला की महिनोन्‌महिने काहीच हाती येत नाही. पाळी हप्त्याची वाट बघत नाही. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणाची आणि परीक्षेची फी सरकार पूर्ण भरतं. हे मोठं पाऊल आहे. फीचा डोंगर हलला, तरी दर महिन्याचे दीडशे रुपये मात्र तिच्या पर्समधूनच जायचे आहेत.

तुम्हाला अनेकदा न दिसणारी आणखी दोन कारणं सांगते. पहिलं कापडाचं. कितीतरी मुली घरी सुती कापड वापरत असतात. त्यात कमीपणा काही नाही. कापड साबणाने नीट धुवून कडक उन्हात वाळवलं तर ते चांगलंच आहे. पण सहा जणींच्या खोलीत, एका बाल्कनीत, ते वाळवायचं कुठे? गच्चीला कुलूप असतं. मग ते पलंगाखाली, ओल्या टॉवेलच्या आड वाळवलं जातं, अर्धवट ओलंच पुन्हा वापरलं जातं आणि मांड्या सोलून निघतात, खाज सुटते. म्हणजे गावात जिचं कापडावर निभत होतं, ती शहरात आली की पॅड विकत घेणं भागच पडतं. तिची गरिबी घरी होती तेवढीच आहे, खर्च मात्र नवा आहे.

दुसरं कारण मोबाइलचं. आता सगळे पैसे यूपीआयवर. बऱ्याच मुलींचं खातं वडिलांच्या किंवा भावाच्या नंबरशी जोडलेलं असतं. मेडिकलमध्ये 120 रुपये दिले, की घरी लगेच मेसेज जातो आणि संध्याकाळी फोनवर विचारणा होते, "कशाला लागले गं औषधाला?" ज्या घरात पाळीचा विषय आई सोडून कुणासमोर निघत नाही, तिथली मुलगी हा प्रश्न टाळण्यासाठी खरेदीच टाळते. उत्पन्नाच्या दाखल्यावर ती गरीब असेलच असं नाही. म्हणून 'गरजू मुलींची यादी करा' हा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. ज्यांना खरी अडचण आहे त्यातल्या निम्म्या मुली त्या यादीत सापडायच्या नाहीत.

पाहणीचे आकडेही इथे थोडे फसवतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 24 वयाच्या साधारण 77 टक्के मुली स्वच्छ साधनं वापरतात असं दिसतं. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास होतं. सुधारणा खरी आहे. पण त्याच पाहणीत पॅड वापरतात असं सांगणाऱ्या 64 टक्के आहेत आणि कापड वापरतात असं सांगणाऱ्या सुमारे 50 टक्के. म्हणजे अनेकजणी दोन्ही वापरतात. असतील तेव्हा पॅड, संपले की कापड. 'संपले' या दिवसांची मोजणी कुठेच होत नाही, आणि तुमच्या हजेरीपटातले कोरे चौकोन बहुतेक त्याच दिवसांचे आहेत.

पॅड पुरवून वापरायचा म्हणजे काय होतं? चार ते सहा तासांनी बदलायचा पॅड सकाळी सातच्या एसटीला बसण्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तसाच राहतो. डाग पडेल म्हणून मुलगी फळ्यापाशी येत नाही, प्रयोगशाळेत उभी राहत नाही. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही, आणि मग लघवीची जळजळ मागे लागते. शेवटी ती घरीच राहते. 75 टक्के हजेरीच्या नियमात तिचे हे दिवस कापले जातात, आणि कारण विचारलं की ती "बरं नव्हतं" एवढंच सांगते. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थिनींवर 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14 टक्क्यांहून जास्त मुलींनी वर्षभरात कधी ना कधी साधनं परवडली नाहीत असं सांगितलं, दहा टक्क्यांनी दर महिन्याला. ज्यांना दर महिन्याला ही ओढाताण होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. तो देश आपल्याहून किती श्रीमंत आहे, ते लक्षात घ्या.

आता मशीनबद्दल. तुमचं बंद पडलं यात नवल नाही. बहुतेक ठिकाणी असंच होतं, आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत. मशीन पाच रुपयांचं नाणं मागतं. मुलीकडे फोन असतो, नाणं नसतं. पाचची नाणी बाजारात जुनी जाड आणि नवी वेगळ्या वजनाची अशी दोन-तीन तऱ्हांची आहेत, त्यातलं एखादं अडकतं. आत पंचवीस-पन्नास पॅड मावतात, ते चार दिवसांत संपतात. भरायचे कुणी, पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे मशीन बसवताना कुणी ठरवलेलं नसतं. किल्ली शिपाईकाकांकडे. मशीन कधीकधी चक्क कार्यालयाच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. उद्घाटनाचा फोटो मात्र महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालात, लिंगसमभावाच्या सोयींखाली, नीट लागलेला असतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यंत्र एकदाच घ्यावं लागतं आणि पॅड दर महिन्याला, हे आपली खरेदी पद्धत विसरते.

नोंदवहीचा मुद्दा मला जास्त कळकळीने सांगायचा आहे. "मुली जास्त घेतील, हिशेब हवा" म्हणून कुणीतरी हमखास रजिस्टर ठेवा म्हणेल. 2020 च्या फेब्रुवारीत गुजरातमधल्या भूजला काय झालं ते त्यांना सांगा. तिथल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात पाळी आलेल्या मुलींनी वेगळं राहावं असा नियम होता आणि त्यासाठी वहीत नाव लिहावं लागे. वहीत नावं दिसेनात म्हणून साठाहून जास्त मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावून तपासलं गेलं. तुमच्याकडे असं कुणी करणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही कुणाला कधी पाळी आली याची नोंद संस्थेकडे असणं हेच मुळात चूक आहे. हिशेब पॅडचा ठेवा, मुलींचा नको. दर सोमवारी पेटीत किती टाकले आणि पुढच्या सोमवारी किती उरले, एवढं लेखापरीक्षणाला पुरतं.

जास्त घेण्याची भीती पहिल्या महिन्यात खरी ठरते, हेही सांगते. पेटी ठेवली की पहिल्या दोन आठवड्यांत ती भराभर रिकामी होते. मुलींना वाटतं, हे चार दिवसांचं आहे, आहे तोवर घेऊन ठेवू. त्यांचा आजवरचा अनुभव तोच आहे. अशा वेळी पेटी बंद केली की त्यांची शंका खरी ठरते. तुम्ही भरत राहा. पुढच्या पाळीलाही पेटी भरलेलीच आहे हे दिसलं की साठवणूक आपोआप थांबते. कुणी दोनाऐवजी सहा घेतले आणि घरी धाकट्या बहिणीला दिले, तर त्याला मी चोरी म्हणणार नाही.

खर्चाचा हिशेब तुमच्याच संख्येवर मांडते. महाविद्यालयाच्या वेळेत एका मुलीला एका पाळीत सरासरी तीन पॅड लागतील असं धरा. 800 मुलींचे महिन्याला 2,400. घाऊक दर तीन रुपये धरला तर 7,200 रुपये, दहा महिन्यांचे 72,000. वसतिगृहातल्या 100 मुलींना महिना पंधरा पॅड द्यायचे तर 1,500 पॅड, 4,500 रुपये, दहा महिन्यांचे 45,000. एकूण वर्षाला 1,17,000. कागदी पिशव्या, झाकणाच्या कचराकुंड्या आणि हातमोजे धरून दीड लाखाच्या आत बसतं. हा वरचा अंदाज आहे, कारण सगळ्या मुली पेटीतले घेणार नाहीत. अनेकींना स्वतःचा ठराविक पॅडच लागतो.

हे पैसे आणायचे कुठून? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे तुमच्याकडे महाविद्यालय विकास समिती आहे. वार्षिक अंदाजपत्रक तिच्यासमोर जातं, तिथेच ही ओळ घाला. पहिल्या वर्षाला माजी विद्यार्थी संघ किंवा एखाद्या कारखान्याचा सामाजिक निधी घ्यायला हरकत नाही, पण पेट्या, कुंड्या, गच्चीवरच्या वाळवणाच्या दोऱ्या अशा एकदाच लागणाऱ्या गोष्टी त्यातून करा. पॅड नियमित निधीतूनच यायला हवेत. विद्यापीठाकडून निर्भय कन्या अभियानासारख्या कार्यक्रमांना जे अनुदान येतं त्यातून व्याख्यान जरूर घ्या, मात्र व्याख्यानाच्या दिवशी पेटी भरलेली असू द्या. स्वच्छतेवर तासभर ऐकून बाहेर आलेल्या मुलीला स्वच्छतागृहात पाणीही मिळालं नाही, तर त्या तासाचा उपयोग काय?

खरेदीबद्दल थोडं. जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' नावाचे पॅड 2019 पासून एक रुपयाला एक मिळतात. तालुक्याला केंद्र असेल तर तिथल्या चालकाशी बोलून महिन्याची मागणी आधी नोंदवा. आयत्या वेळी इतका माल मिळत नाही. ते 'विघटनशील' असल्याचा दावा असतो, त्यावर विसंबून ते खड्ड्यात पुरू नका किंवा संडासात टाकू नका. दुसरा पर्याय बचत गटांचा. महिला आर्थिक विकास महामंडळाशी (माविम) किंवा ग्रामीण उपजीविकेच्या 'उमेद' अभियानाशी जोडलेले काही गट पॅड बनवतात. त्यांच्याकडून घेताना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाण, म्हणजे आयएस 5405, पाळलंय का ते विचारा आणि आधी थोडे नमुने आणून मुलींनाच वापरायला द्या. मला मुलींचं मत प्रयोगशाळेच्या कागदाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण गळणारा पॅड फुकट दिला तरी कुणी घेत नाही. पंख असलेले घ्या. नेहमीच्या आकाराबरोबर एक तृतीयांश तरी मोठ्या आकाराचे ठेवा. जुलै 2018 मध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला, त्यामुळे दरपत्रकात कर लावलेला दिसला तर विचारा. कच्च्या मालावर कर राहिल्यामुळे किमती मात्र तितक्या उतरल्या नाहीत.

पेटी स्वच्छतागृहाच्या आतच हवी, बाहेर भिंतीवर नको. दाराला कडी, आत खिळा किंवा हूक, नळाला पाणी, साबण, दिवा. हे सगळं एका दिवसात होण्यासारखं आहे, पण कुणी आत जाऊन बघत नाही. पेटी भरण्याचं काम एका ठराविक व्यक्तीला द्या, शक्यतो सफाईच्या मावशींना, आणि त्यासाठी त्यांना महिन्याला वेगळे पैसे द्या. दोन-तीन मुलींची छोटी समिती सोबत असू द्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेविका हे काम छान करतात. पेटी रिकामी दिसली तर कुणाला कळवायचं, तो नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं, हा विषय लोक शेवटाला ढकलतात. तो पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर तुंबलेल्या संडासाचं निमित्त करून तुमची सगळी योजना बंद करतील. प्रत्येक संडासात झाकणाची, पायाने उघडणारी छोटी कुंडी आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या ठेवा. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने अशा कागदी पिशव्या करून विकल्या आणि वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करताना आमचा हात त्यात जाणार नाही, असा आग्रह धरला. हा आग्रह कुणा अधिकाऱ्याने नाही, तर रोज तो कचरा हाताळणाऱ्या बायकांनी धरला होता. तुमच्याकडेही लाल ठिपक्याची पद्धत घाला. सफाई करणाऱ्या मावशींना हातमोजे द्या आणि पॅड उघड्या हाताने कधीच उचलायला लावू नका.

जाळायचं छोटं विजेचं यंत्र घ्यायचा आग्रह होईल. माझा सल्ला नको असाच आहे. बाजारातल्या पॅडमध्ये बरंच प्लास्टिक असतं, ते पूर्ण आणि सुरक्षित जळायला 800 अंशांच्या वर तापमान लागतं. ही छोटी यंत्रं तिथवर पोचत नाहीत. पॅड अर्धवट जळतो आणि विषारी धूर स्वच्छतागृहात आणि शेजारच्या वर्गात शिरतो. नगरपालिका हा कचरा वेगळा उचलत असेल तर तिच्याकडेच द्या. उचलत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या. महाविद्यालयाच्या पत्राला वजन असतं.

मासिक पाळीचा कप (शरीराच्या आत बसवून रक्त साठवणारा, धुऊन पुन्हा वापरायचा) आणि कापडी पॅड यांबद्दल विचारणा होईलच. चांगला सिलिकॉनचा कप तीनशे ते पाचशे रुपयांना मिळतो आणि काही वर्षं, नीट सांभाळला तर दहा वर्षंसुद्धा टिकतो. पैशांच्या हिशेबात त्याला तोड नाही. केरळात आलप्पुळ्याला 2018 च्या पुरानंतर 'तिंगळ' प्रकल्पातून पाच हजार कप वाटले गेले, पुढे 2022 मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावात घरोघरी कप पोचले. 2019 मध्ये जगभरच्या 43 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांना पुढेही कपच हवा होता, पण सवय व्हायला दोन ते पाच महिने गेले. तेव्हा कप द्या, पण मागेल तिलाच, आणि देताना सहा महिने प्रश्न विचारायला एक जाणती बाई उपलब्ध ठेवा. अविवाहित मुलींच्या घरी यावरून गैरसमज होतात, कौमार्याचे प्रश्न विचारले जातात. त्या ओझ्यासकट मुलीने कप वापरावा अशी सक्ती आपण करू नये. शिवाय कप उकळायला स्वतःचं भांडं आणि शेगडी लागते, वसतिगृहात दोन्हीला बंदी असते. रेक्टरबाईंशी आधी बोलून विजेच्या किटलीची परवानगी मिळवा. वाळवणासाठी गच्चीचं कुलूप ठराविक वेळी उघडा, म्हणजे कापड वापरणाऱ्यांची आणि कापडी पॅडवाल्यांचीही सोय होईल.

पैशांच्या अडचणीमागे कधी आजार असतो, तो ओळखायला शिका. एखादी मुलगी सांगते, "मॅडम, मला एका पाकिटात भागतच नाही." तिला उधळी समजू नका. तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर रक्तस्राव चालत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर तिला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. आपल्या राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे पाचव्या पाहणीतच दिसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, आणि ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. वर्षातून दोनदा तिथल्या वैद्यकीय अधिकारी महिला असतील तर त्यांनाच महाविद्यालयात बोलवा. असह्य दुखणं हाही मुलीच्या नशिबाचा भाग नाही. वेदनाशामक गोळी कोणती, किती, कधी घ्यायची हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं की कितीतरी मुलींचे दोन दिवस वाचतात.

काही प्रसंग असे असतात की तिथे नेहमीची व्यवस्था पुरत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत तीन तासांचा पेपर असतो. पर्यवेक्षकांना आधीच सांगा, की मुलीने बाहेर जायला मागितलं तर कारण विचारायचं नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत पेट्या दोनदा भरा. बाहेरच्या केंद्रावर मुली पाठवत असाल तर सोबत पाकिटं द्या. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर ज्या गावात असेल तिथल्या शाळेचं स्वच्छतागृह आधी जाऊन बघून या. शिबिराच्या सामानाच्या यादीत सतरंज्या आणि पातेल्यांबरोबर पॅड आणि कागदी पिशव्या लिहा. खेळाच्या स्पर्धा, शैक्षणिक सहल, एनसीसीचा कॅम्प, सगळीकडे हेच.

हजेरीसाठी केरळचं उदाहरण प्राचार्यांपुढे ठेवा. कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी 2023 मध्ये विद्यार्थिनींना पाळीसाठी हजेरीत दोन टक्के सवलत दिली, आणि त्याच महिन्यात सरकारने ती राज्यातल्या इतर विद्यापीठांना लागू केली. दाखला मागितला नाही. तुम्ही महाविद्यालयाच्या पातळीवर निदान प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी भरून काढू देण्याचा नियम करू शकता. सवलत मात्र पॅडच्या बदल्यात देऊ नका. मुलगी घरी बसली तरी चालेल असा त्याचा अर्थ निघायला नको. तिला वर्गात बसता यावं हा मूळ उद्देश आहे.

मुलग्यांना या सगळ्यातून बाहेर काढू नका. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात ग्रंथालय आणि जिमखान्याची माहिती देताना पेट्यांची माहितीही सगळ्यांसमोर, सरळ आवाजात द्या. एखादा विद्यार्थी जन्माने मुलगी आणि मनाने पुरुष असू शकतो, त्याला मुलींच्या स्वच्छतागृहात जाणं अवघड होतं. अपंगांसाठी असलेल्या स्वतंत्र स्वच्छतागृहात एक पेटी ठेवली की त्याचीही सोय होते आणि चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीचीही.

सुरुवात तुमच्या वसतिगृहापासून करा, कारण तिथे गरज रात्रंदिवस आहे आणि संख्या आवाक्यात आहे. पहिल्या दोन महिन्यांत सोमवारची मोजणी नीट ठेवा. कोणत्या स्वच्छतागृहात किती लागतात, कोणत्या आठवड्यात साठा संपतो, हे त्यातून दिसेल. त्या आकड्यांवरून मुख्य इमारतीची मागणी ठरवा आणि अंदाजपत्रक विकास समितीपुढे जाण्याआधी प्राचार्यांकडे द्या. ठरावाची भाषा साधी ठेवा: "महाविद्यालयातील मुलींच्या सर्व स्वच्छतागृहांत व वसतिगृहात सॅनिटरी पॅड कोणतीही नोंद न घेता विनामूल्य उपलब्ध ठेवावेत, त्याचा खर्च दरवर्षी नियमित अंदाजपत्रकातून करावा." 'गरजू विद्यार्थिनींना' हे शब्द कुणी त्यात घालायला सांगितले, तर तेवढे मात्र घालू देऊ नका.